दाढ, भय आणि दिरंगाई

मनुष्यास भय वाटावें अशा गोष्टी जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांविषयीं आपण गंभीरपणें बोलतों. दंतवैद्याच्या भयाची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचा विषय निघाला कीं लोक हांसतात. ज्यांनीं पुराच्या पाण्यांत उड्या घातल्या, कोर्टांत नामांकित वकिलांची उलटतपासणी न डगमगतां सोसली, ज्या बायकांनीं चार चार बाळंतपणें काढलीं, तींच माणसें दाढ ठणकूं लागली म्हणजे लवंग चावीत रात्र जागून काढतात. आणि सकाळीं ‘दंतवैद्याकडे चला’ म्हटलें कीं ‘आतां जरा बरें वाटतें आहे’ असें उत्तर देतात. ऐकणारा हांसतो, सांगणाराहि हांसतो, आणि हांसण्यावारी नेलेली गोष्ट पुढच्या ठणक्यापर्यंत तशीच पडून राहते.

इतर दुखण्यांत वेदना रोग्याला वैद्याच्या दाराशीं नेते. ताप चढला, पोटांत मुरडा आला, हात मोडला, तर रोगी स्वतःच ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हणतो. दाढेच्या दुखण्यांत नेमकें उलट घडतें. वेदना जितकी वाढावी तितकें दंतवैद्याचें घर दूर जातें. या उलट्या न्यायाचा विचार करणें अवश्य आहे, कारण त्यापायीं सुशिक्षित घरांतूनहि पुष्कळ हानि होत असते.

माझें सारें आयुष्य मुलांना शिकविण्यांत गेलें. गणिताला भिणारीं मुलें मीं शेंकड्यांनीं पाहिलीं. त्यांच्यापाशीं बसून विचारपूस केली म्हणजे कळून येई कीं, बहुतेकांच्या मनांत ही भीति गणिताशीं गांठ पडण्यापूर्वींच कोणीतरी घातलेली आहे. ‘गणित फार अवघड बरें का’ असें घरीं रोज ऐकलेलें असे. दंतवैद्याच्या भयाचें पुष्कळ अंशीं तसेंच आहे. कांहींना स्वतःचा वाईट अनुभव असतो, हें खरें. परंतु बहुतेकांना हें भय घरांतून मिळतें, तें दिरंगाईवर पोसतें, आणि जसें तें थोडें थोडें करून शिकलें जातें, तसेंच थोडें थोडें करून विसरतांहि येतें.

भयाला एके काळीं कारण होतें

प्रथम भित्र्या माणसाची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. दांतांचें शास्त्र आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतानें निदानस्थानांत मुखाचे ६५ रोग सांगितले असून त्यांपैकीं १५ दंतमूळांचे म्हणजे हिरड्यांचे, व ८ प्रत्यक्ष दांतांचे आहेत. कृमिदंत म्हणजे किडलेली दाढ त्याला ठाऊक होती. दांतांवरचें कीटण खरवडण्याचें दंतशंकु नांवाचें शस्त्र त्याच्या शस्त्रांच्या यादींत आहे. परंतु मुळाशीं घट्ट असलेली दाढ उपटतांना होणारी वेदना थांबविण्याचा भरंवशाचा उपाय त्या काळीं कोणत्याच देशांत नव्हता. युरोपांत तर कित्येक शतकें हें काम न्हावी आणि जत्रेंत मंच उभारून बसणारे दांतउपटे करीत. १७२८ सालीं पियेर फोशार या फ्रेंच वैद्यानें मोठा ग्रंथ लिहून या धंद्याला शास्त्राचें रूप दिलें. दाढेंत किडा वळवळत असतो ही जुनी समजूतहि त्यानें नाकारली. पण वेदना होती तेथेंच राहिली. त्या काळच्या माणसाला दाढ काढण्याचें भय वाटलें, तर त्याला भित्रा म्हणण्यापेक्षां शहाणाच म्हणावें लागेल.

ही स्थिति पालटली ती एका दंतवैद्यामुळें. ता. १० डिसेंबर १८४४ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड या गांवीं ‘हास्यवायू’चा जाहीर खेळ झाला. तो वायु हुंगून एक तरुण बेभान होऊन धांवूं लागला. त्या धांवपळींत त्याच्या पायाला चांगलीच जखम झाली. पण रक्त दिसेपर्यंत ती त्याला कळलीच नाहीं. प्रेक्षकांत होरेस वेल्स नांवाचा दंतवैद्य बसला होता. इतरांनीं गंमत पाहिली, यानें जखम पाहिली. दुसऱ्याच दिवशीं त्यानें तोच वायु स्वतः हुंगला आणि आपली दाढ एका व्यवसायबंधूकडून काढवून घेतली. पुढें १८४५ सालीं बोस्टन येथें डॉक्टरमंडळींसमोर त्यानें हा प्रयोग करून दाखविला. पण रोगी ओरडला आणि सभेनें वेल्सची हुर्यो केली. १८४८ सालीं त्या दुर्दैवी माणसानें आपल्या हातानें आपला अंत करून घेतला. मधल्या काळांत, ता. ३० सप्टेंबर १८४६ रोजीं, त्याचाच एके काळचा भागीदार विल्यम मॉर्टन यानें ईथर हुंगवून एकाचा दांत वेदनेवांचून काढला, आणि ता. १६ ऑक्टोबर रोजीं बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयांत त्याच ईथरच्या अमलाखालीं शस्त्रक्रिया झाली. वेदनारहित शस्त्रक्रियेचा मार्ग जगाला दाखविणाऱ्यांच्या अग्रभागीं हे दोघे दंतवैद्य होते. ज्या व्यवसायाच्या नांवानें आपण दचकतों, त्यानेंच वेदनेवर पहिले मोठे घाव घातले आहेत.

त्यापुढील प्रगति याहून सुखकर आहे. साऱ्या माणसाला बेशुद्ध न करतां नुसती एक दाढ बधीर करण्याची सोय झाली. या शतकापूर्वींच्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत आइनहॉर्न या रसायनज्ञानें नोव्होकेन शोधून काढलें. १९४३ सालीं स्वीडनमध्यें लोफग्रेन यानें लिग्नोकेन तयार केलें, आणि तें १९४८ पासून वापरांत आलें. आज आपल्या गांवचा दंतवैद्य हिरडींत जें इंजेक्शन देतो तें बहुधा याच औषधाचें असतें. दाढ कोरण्याचें यंत्रहि बदललें. १८७१ सालीं तें शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालवावें लागे व त्याचे हादरे डोक्यांत बसत. १९५७ सालीं हवेच्या जोरावर चालणारें यंत्र आलें. त्याचे मिनिटाला लाखोंनीं फेरे होतात. आवाज कर्कश असतो खरा, पण काम क्षणांत उरकतें.

अर्थ गेला, शब्द राहिला

भाषेंत कांहीं शब्द असे असतात कीं त्यांचा मूळ अर्थ केव्हांच नाहींसा झालेला असतो, तरी लोक ते बोलत राहतात. दंतवैद्याच्या भयाचें असेंच झालें आहे. त्याचें एक उत्तम उदाहरण आपल्या घरोघर आढळतें. ‘वरची दाढ काढूं नये, डोळा जातो’ असें आपल्या आजी, मावशी, आत्या सांगत आल्या आहेत. ही समजूत आकाशांतून पडलेली नाहीं. सुश्रुताच्या चिकित्सास्थानांत वरचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो काढण्याच्या भरीस पडूं नये, असा इशारा आहे. आणि तसें केल्यास एक डोळा जाण्याचें व तोंड वांकडें होण्याचें भय तेथें सांगितलें आहे. मात्र त्याचें कारणहि तेथेंच दिलें आहे, आणि तें म्हणजे अतिशय होणारा रक्तस्राव. रक्त थांबविण्याचीं आजचीं साधनें ज्या काळीं नव्हतीं, त्या काळच्या जबाबदार वैद्यानें असें बजावावें हें त्याला शोभणारेंच होतें.

आपण काय केलें? कारण विसरलों आणि निषेध तेवढा पाठ केला. आजचें शरीरशास्त्र सांगतें कीं, डोळ्यानें पाहण्याचा मज्जातंतु निराळा आणि वरच्या दांतांना संवेदना पुरविणारा मज्जातंतु निराळा. दाढ काढल्यानें दृष्टि जात नाहीं. उलट, वरच्या किडलेल्या दाढेंतील पू तसाच राहूं दिला तर तो क्वचित् डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरूं शकतो. म्हणजे ज्या डोळ्याच्या काळजीनें आपण दाढ ठेवतों, त्याच डोळ्याला ती दाढ धोक्याची ठरण्याचा संभव असतो.

दुसरी समजूत अशी कीं, कीटण काढल्यानें दांत हलूं लागतात. कीटण म्हणजे दांतांच्या बुडाशीं दगडासारखा बसलेला थर. त्याच्यामुळें हिरडी सुजते, मागें सरते आणि दांताचा आधार कमी होतो. तो थर निघाला म्हणजे आधींच पडलेल्या फटी दिसूं लागतात, आणि दोष मात्र काढणाऱ्याच्या माथीं येतो. भिंतीवरचें जुनें कॅलेंडर काढल्यावर मागची भेग दिसली, तर भेग पाडल्याचा आरोप कोणी कॅलेंडर काढणाऱ्यावर करीत नाहीं.

आणि त्या वासाची गोष्ट! दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवतांच जो विशिष्ट वास येतो त्यानेंच पुष्कळांच्या पोटांत गोळा उठतो. तो वास पुष्कळ वेळां लवंगेच्या तेलांतील युजेनॉल या द्रव्याचा असतो. दाढ तात्पुरती भरण्याच्या एका जुन्या मिश्रणांत जस्ताच्या भस्माबरोबर तें वापरतात. दुखऱ्या दाढेवर आजी जो लवंगतेलाचा बोळा ठेवते, त्याच्याच कुळांतील हा वास. एकाच वासानें घरीं धीर यावा आणि दवाखान्यांत छाती धडधडावी, यावरून भय वस्तूंत किती आणि आपल्या मनांत किती, याचा अंदाज वाचकांनीं करावा.

भयाचा वारसा

एकत्र कुटुंबांत पंगतीला बसलें म्हणजे गोष्टी निघतात. कोणी काका आपल्या दाढेची कथा सांगूं लागतात. पहिल्या वर्षीं त्या कथेंत दाढ पांच मिनिटांत निघालेली असते. दहाव्या वर्षीं ती निघायला तासभर लागतो व दोन माणसांनीं खांदे धरलेले असतात. मोठीं माणसें हांसून पुढचा भात कालवतात. कोपऱ्यांतलें सहासात वर्षांचें मूल मात्र घांस हातांत धरून ऐकत असतें.

आमच्या घरांतील एका नातवाला प्रथम दंतवैद्याकडे न्यावयाचें होतें, तेव्हां ‘तेथें काय करतात, ठाऊक आहे का?’ असें मीं त्याला विचारलें. त्यानें एका दमांत सांगितलें, ‘चिमट्यानें ओढतात, आणि वाटी रक्तानें भरते.’ त्या मुलानें दवाखान्याचें दारसुद्धां पाहिलें नव्हतें. त्याच्या तोंडांत एक दुधाची दाढ जराशी किडलेली होती, तिला चिमट्याचें कामच नव्हतें. तें सारें ज्ञान आमच्या पंगतींतलें होतें.

याहून वाईट संवय धाकाची. ‘गप्प बैस, नाहींतर डॉक्टरांकडे नेऊन सुई टोंचवीन’ असें सांगून आपण दोन मिनिटांची शांतता विकत घेतों, आणि तिची किंमत तें मूल पुढें चाळीस वर्षें भरीत राहतें. ज्याला आपण शिक्षा म्हणून नांव घेतलें, त्याच्याकडे तें उपचारासाठीं विश्वासानें कसें जाईल?

दिरंगाईचें चक्र

दाढ किडते कशी हें १८९० सालीं मिलर या शास्त्रज्ञानें मोठ्या ग्रंथांत मांडलें. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्टमय अन्न यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांताचें कवच झिजवितें. या कवचाला मज्जातंतु नसतात. म्हणून पहिली कीड दुखत नाहीं. तेव्हांच ती साफ करून दाढ भरली, तर पुष्कळदां सुईचीहि गरज लागत नाहीं. कीड कवचाच्या आंतल्या थरांत गेली कीं गारगोड पदार्थानें कळ येते. ती गाभ्यापर्यंत पोंचली म्हणजे रात्री ठणका सुरू होतो. आणि एके दिवशीं तो ठणका आपोआप थांबतो. घरचीं माणसें म्हणतात, ‘बघा, डॉक्टरवांचून बरें झालें.’ खरी गोष्ट अशी असते कीं, दाढेचा गाभा मेलेला असतो. आंत पू धरूं लागतो. ओरडून सांगणारा पहारेकरी तेवढा नाहींसा झालेला असतो.

आमच्या आप्तांपैकीं एका वयोवृद्ध गृहस्थांची कथा येथें सांगण्याजोगी आहे. व्याकरणाचे ते मोठे व्यासंगी. त्यांनीं खालची एक दाढ नऊ वर्षें सांभाळली. जेवण एका बाजूनें. कडक भाकरी वर्ज्य. थंड पाणी वर्ज्य. कोणी सुचविलें तर ‘चातुर्मास होऊं द्या’, ‘मुलीचें कार्य होऊं द्या’ अशीं उत्तरें मिळत. एका पावसाळ्यांत दोन दिवसांत त्यांच्या जबड्याखालीं सूज आली, ताप चढला, आणि तिसऱ्या दिवशीं थुंकी गिळतां येईना. सूज गळ्याकडे उतरून श्वास कोंडण्याचें भय निर्माण झालें, तेव्हां मध्यरात्रीं त्यांना रुग्णालयांत नेलें. बाहेरच्या बांकावर साऱ्या घरानें तीन रात्री काढल्या. ते वांचले. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनीं विचारलें, ‘इतकीं वर्षें काय केलेंत?’ ते म्हणाले, ‘वाट पाहिली.’ पुढें उरलेल्या दांतांच्या उपचारासाठीं ते आपल्या पायांनीं दंतवैद्याकडे जाऊं लागले. हिरडींतली सुई लहानपणीं पायांत मोडणाऱ्या बाभळीच्या कांट्यापेक्षां कमी टोंचते, असें ते सर्वांना सांगत.

विद्वत्ता या बाबतींत माणसाला वांचवीत नाहीं. पतंजलीनेंहि जीवाच्या भयाला अभिनिवेश असें नांव देऊन तो विद्वानांतहि आढळतो असें नमूद केलें आहे. १९८४ सालीं स्वीडनमधील बर्गग्रेन या दंतशास्त्रज्ञानें या भयाचें चक्र उलगडून दाखविलें. भय वाटतें म्हणून माणूस टाळतो. टाळल्यानें दांत बिघडतात. बिघडलेले दांत दाखविण्याची लाज वाटते. लाजेनें भय दुणावतें. या लाजेकडे आपलें लक्ष फार कमी जातें. चारचौघांत मान असलेल्या माणसाला सुईपेक्षां ‘इतके दिवस काय करीत होतां?’ या प्रश्नाचीच धास्ती अधिक असते. शिवाय प्रत्येक वेळीं भेट पुढें ढकलली कीं मनाला क्षणभर सुटल्यासारखें वाटतें. तो सुटकेचा निःश्वास म्हणजे भयाला दिलेली मजुरी होय; मजुरी मिळाल्यावर तें पुढच्या वेळीं दुप्पट जोमानें कामाला येतें. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच.

भय विसरण्याची रीत

१९२४ सालीं अमेरिकेंतील मेरी कव्हर जोन्स या विदुषीनें एका तीनेक वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाचें विलक्षण भय होतें. तिनें त्याला रागें भरलें नाहीं, किंवा ससा एकदम अंगावरहि सोडला नाहीं. मूल आवडीचा खाऊ खात असतांना पिंजऱ्यांतला ससा दूर ठेवावा, आणि दर वेळीं थोडा जवळ आणावा, असा तिचा क्रम होता. शेवटीं तें मूल सशाला आपलीं बोटें कुरतडूं देऊं लागलें. भय घालविण्याच्या पुढील काळांतील बऱ्याच उपायांचें बीज या साध्या प्रयोगांत आहे. आपल्या विषयाला तो असा लावावा.

पहिली गोष्ट, भय नेमकें कशाचें हें ओळखावें. १९६९ सालीं कोरा या शास्त्रज्ञानें यासाठीं चारच प्रश्न तयार केले. पुढें १९९५ सालीं त्यांत इंजेक्शनचा पांचवा जोडला गेला. उद्यां दंतवैद्याकडे जावयाचें आहे या विचारानें काय वाटतें? बाहेर बसून वाट पाहतांना? यंत्रानें दाढ कोरतांना? दांत साफ करतांना? हिरडींत सुई देतांना? कागद घेऊन प्रत्येकापुढें उत्तर लिहिलें म्हणजे ‘मला सगळ्याचेंच भय वाटतें’ हें मोघम वाक्य गळून पडतें. एखाद्याला फक्त आवाजाचें भय असतें, दुसऱ्याला उताणें पडून तोंड उघडें ठेवण्याच्या असहायतेचें. शत्रूचें नांव कळलें म्हणजे अर्धें काम होतें.

दुसरी गोष्ट, पहिली भेट केवळ भेटच असावी. ‘आज कांहीं करूं नका, फक्त तपासा’ असें आधींच कळवावें. खुर्चीवर बसावें, छोट्या आरशानें तोंड तपासूं द्यावें, आणि घरीं यावें. दुसऱ्या भेटींत कीटण काढावें, तिसऱ्या भेटींत लहान दाढ भरावी. ससा असाच एकेक पाऊल जवळ येतो.

तिसरी गोष्ट, भय वाटतें हें दंतवैद्याला स्पष्ट सांगावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. डावा हात वर केला कीं काम थांबवावयाचें, असा संकेत आधीं ठरवून घ्यावा. अनेक दंतवैद्य आपण होऊन असें सुचवितात. थांबविण्याची सत्ता आपल्या हातांत आहे हें कळल्यावर ती वापरण्याची वेळ क्वचितच येते.

चौथी गोष्ट, काय होणार हें माहीत असावें. इंजेक्शनपूर्वीं पुष्कळ ठिकाणीं हिरडीला बधीर करणारें मलम लावतात. औषध चढल्यावर वेदना थांबते, पण दाब आणि ओढ जाणवते. ही ओढ म्हणजे वेदना नव्हे, हें न कळल्यामुळें पुष्कळ माणसें उगाच घाबरतात. औषधांत ॲड्रिनलिन मिसळलेलें असेल तर मिनिटभर छाती धडधडते. तो औषधाचा गुण आहे, आपल्या धीराची हार नव्हे. ओंठ दोनतीन तास जाड वाटतो; तोंवर तो चावला जाणार नाहीं अशी काळजी घ्यावी, मुलांच्या बाबतींत विशेष. तरीहि दुखलें तर सांगावें. अधिक औषध देतां येतें. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. फार सुजलेल्या व पू धरलेल्या दाढेवर हें औषध नीट चढत नाहीं. म्हणजे वेदनेच्या भयानें जो थांबला, त्याच्याच वांट्याला वेदना येण्याचा संभव अधिक.

पांचवी गोष्ट, शरीराची तयारी. डॉक्टरांनीं मना केलें नसेल तर थोडें खाऊन जावें. रिकाम्या पोटीं घेरी येते. शक्य तर सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर धास्ती घोळत राहत नाहीं. मधुमेह, हृद्रोग, रक्त पातळ करणारीं औषधें यांविषयीं आधीं सांगावें, आणि चालू औषध स्वतःच्या विचारानें बंद करूं नये. खुर्चीवर बसल्यावर आंवळलेल्या मुठी सैल सोडाव्या आणि श्वास घेण्यापेक्षां सोडण्याला अधिक वेळ द्यावा. संध्या करणाऱ्याला प्राणायाम शिकवावा लागत नाहीं. त्याचा येथें उपयोग करावा इतकेंच.

इतकें करूनहि ज्यांचें भय जात नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. मानसतज्ज्ञांचें साह्य घेतां येतें. शिवाय ज्या वायूसाठीं वेल्सची हेटाळणी झाली तोच वायु आज प्राणवायूबरोबर मोजून देऊन भित्र्या रोग्याचें मन शांत करतात. खर्चाची सबब सांगणाऱ्यांसाठीं दंत महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. १९२० सालीं डॉ. आर. अहमद यांनीं कलकत्त्यास आपल्या देशांतील पहिलें दंत महाविद्यालय काढलें. मुंबईचें नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय १९३३ पासूनचें आहे. अशा ठिकाणीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं अल्प खर्चांत उपचार होतात.

मुलांसाठीं वडिलांचें कर्तव्य

मुलाचा पहिला दांत आल्यापासून सहा महिन्यांत, निदान पहिल्या वाढदिवसापर्यंत, त्याला एकदां दंतवैद्याला दाखवावें. कांहीं दुखत नसतांना गेलेल्या मुलाला ती जागा दुखण्याची वाटत नाहीं. मुलांवर उपचार करतांना आधीं सांगावें, मग दाखवावें, मग करावें, अशी एक रीत १९५९ सालीं ॲडलस्टन या दंतवैद्यानें मांडली, आणि ती आजहि प्रचारांत आहे. वर्गांत नवा पाठ शिकवितांना आम्ही शिक्षक याहून निराळें काय करीत होतों?

घरांतील माणसांनीं मात्र तीन पथ्यें पाळावीं. ‘मुळींच दुखणार नाहीं’ असें खोटें सांगूं नये. ‘थोडें टोंचेल, मग तेथें मुंग्या येतील’ असें खरें तेवढें सांगावें. बाजारांत नेतों म्हणून फसवून नेऊं नये, कारण एकदां फसलेलें मूल पुढच्या वेळीं खऱ्या बाजारालाहि यावयाचें नाहीं. आणि खुर्चीजवळ सर्वांत भित्र्या आप्ताला उभें करूं नये. मूल डॉक्टरांच्या हातांपेक्षां आईच्या चेहऱ्याकडे अधिक पाहतें. बाकी रोजचें काम सोपें आहे. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावे, रात्रीं घासल्यावर दूध किंवा गोड देऊं नये, आणि मशेरीला घरांत थारा देऊं नये. तींत तंबाखू असते, आणि तंबाखूपासून तोंडाचा कर्करोग होतो.

आपल्या घरांतून तिथि पाळण्याची संवय फार चांगली आहे. श्राद्धतिथि, एकादशा, मुंजीचे मुहूर्त आपण महिने महिने आधीं लक्षांत ठेवतों. त्याच पंचांगांत वर्षांतून एकदोन दिवस दांतांसाठीं राखून ठेवावे, आणि त्या दिवशीं दुखत असो वा नसो, लहानथोरांनीं मिळून जाऊन यावें. घरांत जो सर्वांत भित्रा असेल त्यानें पहिल्या खेपेस नुसतें खुर्चीवर बसून यावें. तेवढेंहि पुष्कळ आहे. मात्र रात्रीं पंगतींत त्यानें काय घडलें तें जसेंच्या तसें, पदरचें कांहीं न घालतां, सांगावें. कोपऱ्यांत बसलेलें मूल ऐकतच असतें.